वरची चिमूट

त्या रविवारी विशेष असं काही घडलं नाही, आणि पुढे मीनाला याचाच राग येत राहिला. निदान एखादं भांडं पडायला हवं होतं, डोळा लवायला हवा होता. मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती. वाशिंदहून ती सकाळची निघाली, शहापूरला एसटी बदलली, आणि किन्हवलीच्या स्टँडवर उतरली तेव्हा नेहमीप्रमाणे घर दिसण्याआधी घराचा वास आला: भाजलेला हिरडा, तुरट, कडेला किंचित जळका, आणि त्याच्या पाठीमागून लवंग आणि कापूर. गावातल्या लोकांना हा वास येत नसे. तुमची नाकं मेली आहेत, असं ती लहानपणी मैत्रिणींना म्हणायची. बाबा ओटीवर दात घासत बसले होते. सकाळचे दात त्यांचे केव्हाच घासून झालेले असत. हे दुसरं घासणं म्हणजे मालाची परीक्षा. नव्या घाण्यातली चिमूटभर काळी पूड डाव्या तळहातावर, उजव्या हाताचं पहिलं बोट तिच्यात बुडवलेलं, आणि डोळे मिटलेले. उभा जन्म त्याच बोटाने पूड चाखून त्याचं नख कायमचं काळं झालं होतं.

“आलीस गो?” चूळ टाकून ते म्हणाले. “शाम नाय आला?”

“त्यांची आज ड्यूटी आहे.”

“रविवारची ड्यूटी. मी जावई केला का वॉचमन? बरं, तोंड उघड. बघू.”

“बाबा, मी काय आता लहान आहे?”

“उघड गो. ओटीवर ऊन हाय तवर.”

शहापूरच्या कॉलेजात पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या, केसांत पांढरं दिसू लागलेल्या बाईने ओटीवर उभं राहून तोंड उघडलं. बाबांनी हनुवटी धरून तिचा चेहरा उन्हाकडे वळवला. “पेस्ट लावतेस,” ते म्हणाले, “फेसाला भुललीस.” ती नाही म्हणाली. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं. ओटीच्या खांबाला नव्या पुड्यांची माळ लटकत होती. बोलता बोलता तिने एक पुडी तळहातावर घेतली, खालीवर केली, आणि म्हणाली, “हलकी आहे.” बाबा एकदम वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. “हाये ना? तुझा हात मेला नाय अजून.” ते वाकून माळ सोडवू लागले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी लोखंडी बाहेर डोकावलं. पान्हा होता. तिने विचारलं, हा कशाला? ते म्हणाले, सायकलचा. सायकल तिच्या धाकट्या भावाने, सुरेंद्रने, कधीच मोडीत दिली होती, हे तिला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं. पण तेवढ्यात सुरेंद्र आला, ताय कधी आलीस म्हणाला, जेवताना जत्रेचा विषय निघाला. यंदा जत्रेला नुसत्या माळा न्यायच्या, दरवर्षीच्या हातबांधणीच्या कागदी पुड्या न्यायच्या नाहीत, असं सुरेंद्रचं म्हणणं पडलं. बाबा भातावर कालवण ओतत राहिले. त्या ओतण्यात तिला काहीतरी दिसलं, म्हणजे तेव्हा दिसलं की नंतर, हे तिला पुढे कधीच नक्की ठरवता आलं नाही. संध्याकाळी बाबा तिला स्टँडवर सोडायला आले. ती माळ त्यांनी तिच्या पिशवीत कोंबली. “सैल झाली गो पुडी आता,” ते म्हणाले. कोण सैल करतं, असं तिने विचारलं. “बस आली,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कॉलेजात वर्तमानपत्रं काठीला लावत होती तेव्हा फोन आला. बाबा पुड्या भरायच्या मशीनच्या खोलीत पडले होते. स्टुलावरून पडले की आधी छातीत कळ आली आणि मग पडले, कोणाला सांगता येत नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. ओटीवर माणसं बसली होती, आणि आत, ज्या खोलीत हिरडा भाजत, तिथून वास येतच होता, कारण भट्टी विझवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बायका रडत होत्या. तिला रडू आलं नाही. तिच्या मनात एकच प्रश्न येऊन बसला आणि तो पाहुण्यासारखा उठेचना: बाबा त्या खोलीत का गेले होते? मशीन आल्यापासून ती खोली सुरेंद्रची होती. बाबा भट्टीवर, कुटाईवर, बाहेरच्या अंगणात. मशीनला तर ते नावानेही हाक मारत नसत, ‘ते’ म्हणत. ‘ते आज बंद हाय का?’ मग स्टुलावर चढून, पान्हा घेऊन, जेवायच्या वेळेला, खोलीत दुसरं कोणी नसताना ते ‘त्या’च्यापाशी काय करत होते? त्यांना तिथे कोणी धाडलं? आणि प्रश्न एवढ्यावर थांबता तर बरं, पण तो सुरेंद्रच्या पाठीकडे बघत राहिला. सुरेंद्र माणसांना चहा द्यायला सांगत होता. त्याच्या पायांत बूट होते. बाप आत निजलेला आणि याच्या पायांत बूट.

काम तिला माहीत होतं. कोणाला वाटेल, पुस्तकांतली बाई, तिला पुडीतलं काय कळणार. पण तिचं बालपण त्या पुड्यांतच गेलं होतं. घाटापायथ्याच्या वैशाखरे गावाहून हिरडेवाला लखमा हिरड्याची पोती एसटीच्या टपावर टाकून आणायचा, बाबा ती अंगणात पसरायचे, आणि शाळेतून आल्यावर ती वाडीवरच्या बायकांच्या रांगेत बसायची. पिवळ्या कागदाचे चौकोन. कागदावर लाल शाईत ‘मीना दंतमंजन’ आणि खाली मुरबाडच्या स्टुडिओत काढलेला तिचाच फोटो, दोन वेण्या, सगळे दात दिसतील असं हसू. शाळेत पोरं तिला काळी मीना म्हणत. घरी येऊन ती बाबांना सांगायची, तर ते म्हणायचे, त्यांचे दात बघ आणि तुझे बघ. डावीकडे तागडी, मधे पुडीचा ढीग, उजवीकडे परात. तागडी सरळ झाली की कागदावर पूड ओतायची, आणि मग, घडी घालण्याआधी, वर एक चिमूट. ही वरची चिमूट मापात नव्हती. ती का टाकायची, असं तिने एकदा विचारलं होतं. “डोंगर काय आपल्याला हिरडा मोजून देतो?” बाबा म्हणाले. “त्याचा त्याला जातोय तो.” गिऱ्हाइकाला जातोय म्हणा, असं ती म्हणाली. “तेच ते,” बाबा म्हणाले. प्रत्येकीची चिमूट वेगळी असायची. धोंडूबाईचा अंगठा जाड, तिची चिमूट म्हणजे अर्धी मूठ, आणि बाबा तिला ओरडायचे, अगो बाय, डोंगराला परत करतेस का डोंगरच परत करतेस? धोंडूबाई म्हणायची, शेठ, अंगठा देवाने दिला, त्याला सांगा बारीक करून द्या. सगळ्या हसायच्या. मीनाची चिमूट बाबांना आवडायची. हंगामातली पहिली पुडी नेहमी तिच्या हातची. तिच्या हाताला गुण आहे, असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि ती रांगेत बसल्या बसल्या पाठ ताठ करायची.

मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कागद पावसाळ्यात ओलावतो, दुकानदार तक्रार करतात. करवतीच्या दोन पात्यांत पिशवीचं तोंड धरायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन न्यायचं; हात अडखळला की भोक, जास्त थांबला की काळा डाग. ओटीवर मेणाचा आणि जळक्या प्लास्टिकचा वास. मीना तेव्हा कल्याणला कॉलेजात जायची, पण सुट्टीत तीच सगळ्या बायकांना शिकवायची, आणि तिच्या बोटांच्या टोकांवरचे फोड वर्गातल्या कोणाला दिसू नयेत म्हणून पदर बोटांभोवती गुंडाळून बसायची. पुढे पायाने दाबायचं सीलिंग मशीन आलं. वीज असेपर्यंत पाय चालायचा, वीज गेली की पुन्हा मेणबत्ती. पण पिशवी कशीही बंद होवो, आधी तागडी आणि मग चिमूट हे राहिलंच. ज्या वर्षी ते पायाचं मशीन आलं त्या वर्षी तिचं शिक्षण संपलं. पदवी झाली, पुस्तकांची ती वेगळी पदवी झाली, आणि ती घरी आली. एका दुपारी जेवताना बाबा म्हणाले, पोरगी एवढी शिकली, तिला काय आता या धुळीत बसवायची? तिच्यासाठी चांगलं बघू. सुरेंद्र बघेल धंदा. सुरेंद्र तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा आपटला होता आणि शहापूर-किन्हवली जीप घालायची त्याच्या डोक्यात होती. “मला नाय जमायचं,” तो म्हणाला. “जमतं,” बाबा म्हणाले. बाबांच्या आवाजात अभिमान होता, तिच्याबद्दलचा. तो इतका उघड होता की त्याच्या आड येणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारण्यासारखं झालं असतं. ती काही बोलली नाही. हात धुऊन आली आणि पुस्तक उघडून बसली.

मोठं मशीन तिच्या लग्नानंतर आलं, टेम्पोतून, ताडपत्रीत गुंडाळलेलं. ती मुद्दाम रजा काढून आली होती. बाजूची खोली पाडून मोठी केलेली, जमीन सिमेंटची, भिंतीला निळा रंग. वर नरसाळं, त्यात पूड ओतायची. खाली एक फिरती तबकडी आणि तिच्यात गोल कप. कप पुडीने भरतो, फिरतो, रिकामा होतो, आणि तेवढ्यात चकचकीत प्लास्टिकचा रोल आपोआप नळीभोवती वळून पिशवी होतो, दाबला जातो, खालची कात्री अर्धवट कापते आणि माळ लोंबत बाहेर येते. खट् फस्, खट् फस्. रोलवर टिचभर अंतरावर मीनाचं तोंड. रोल कुठे कापायचा हे ओळखायला मशीनला एक लाल डोळा होता. तो चुकला की तिचा चेहरा मधोमध कापला जाई, कपाळ एका पुडीवर आणि हसू पुढच्या पुडीवर. पहिल्या दिवशी अशा शेकडो निघाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी ते मशीन बसवायला आलेल्या कारागिराला विचारलं, “याला चिमूट कशी शिकवायची?” तो आधी समजलाच नाही. समजल्यावर म्हणाला, “शेठ, मशीनला चिमूट नसते, सेटिंग असतं.” आणि कपांच्या खालचं एक चाक दाखवलं. पान्ह्याने नट सैल करायचा, चाक डावीकडे फिरवलं की कप खोल, उजवीकडे फिरवलं की उथळ. बाबा त्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले. मीनाला ते दृश्य नंतर फार वेळा आठवलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला ती तेव्हा हरणं म्हणाली होती.

तर तिचा हिशेब असा जमत गेला. मशीन आलं तशा वाडीवरच्या बायका कमी झाल्या. राहिल्या त्या माळा घड्या घालून खोक्यांत भरायला. सुरेंद्रने घराला वरचा मजला चढवला. दुकानदार खूश. बाबा गप्प. पुडी हलकी. ‘सैल झाली गो पुडी आता.’ म्हणजे सुरेंद्र मापात मारत होता. चाक उजवीकडे, कप उथळ, प्रत्येक पुडीतून थोडं थोडं. बाबांना ते कळलं. म्हणून पान्हा. म्हणून जेवायच्या वेळेला, पोरगा बाहेर असताना, चोरासारखं आपल्याच खोलीत. दिवसकार्यं चालली होती, भटजी सांगतील तसा सुरेंद्र पाणी सोडत होता, आणि ती त्याच्या ओंजळीकडे बघत होती, ओंजळ पुरती भरली आहे की नाही. अशा वेळी अशी नजर असावी याची तिला लाज वाटली. पण लाज वाटून नजर हलली नाही. तेराव्याला जेवणावळ उठल्यावर ती मागच्या बाजूला गेली तर मशीनच्या खोलीला नवं कुलूप. आतून खट् फस् ऐकू येत होतं. कार्याच्या दिवशीही मशीन चालू, आणि बाहेरून कुलूप. “ताय, तिकडं नको जाऊ,” सुरेंद्र मागून म्हणाला. “जत्रेचा माल राहिलाय.” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. त्याचे डोळे तांबारलेले होते. हे रडणं की जागरण की दारू, असं तिच्या मनात आलं, आणि तीनही तिला पटेनात.

वाशिंदला परत आल्यावर संशय कमी व्हायला हवा होता. उलट त्याला तिथे निवांतपणा मिळाला. शाम सकाळी कल्याणला जाई, आणि ती घरातली भांडी, डबे, पिशव्या यांच्याकडे बघत बसे. स्टेशनजवळच्या किराणा दुकानात एके दिवशी मीना दंतमंजनाची नवी माळ दिसली. तिने एक पुडी तोडून तळहातावर घेतली. आता हलकी लागणार, आणि मग मी याच दुकानात उभी राहून रडणार, असं तिने ठरवून टाकलं होतं. पुडी जड होती. तिने दुसरी घेतली. तीही जड. चांगली ठसठशीत, फुगलेली, शिवणीपर्यंत भरलेली. हातावर विश्वास बसेना. दुकानदार म्हणाला, “बाई, सगळ्या सारख्याच आहेत त्या.” सारख्याच आहेत, हेच तर. तिला बरं वाटायला हवं होतं. पण रस्ता ओलांडायच्या आत तिच्या मनाने नवं दार शोधलं: जड, म्हणजे भेसळ. हिरड्यात माती. राख. राख जड नसते, मग चिकणमाती. घरी येऊन तिने पुडी फोडली, तळहातावर घेतली, बोट बुडवलं, डोळे मिटले. तुरट. मग मीठ, मग लवंगेची जिभेच्या कडेला येणारी झिणझिण, मग कापराचा गार वारा. सगळं आपापल्या जागी, बाबांच्या क्रमाने. पण आता भट्टीवर बाबा नाहीत, मग चव तीच कशी? की जीभ मेली, पेस्टने? आरशासमोर काळ्या दातांनी उभी राहून तिला स्वतःची भीती वाटली. जे काही दिसेल त्याला आपण एकच नाव देतो आहोत, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. अशी माणसं तिने पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती. ते कळूनही दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजला कळवलं, आणि कोणाला न सांगता, रविवार नसताना, किन्हवलीची एसटी धरली.

कुलूप नव्हतं. दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं आणि आधी तिला पूडच दिसली: हवेत, जमिनीवर, बायकांच्या केसांवर, काळी, मऊ, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी. मशीन चालत होतं. माळ बाहेर पडत होती आणि तिच्यातल्या कितीतरी पुड्यांची तोंडं नीट मिटलेली नव्हती. कपात पूड इतकी होती की ती शिवणीत अडकत होती. भिंतीकडेला तेच जुनं पायाचं मशीन, आणि त्याच्यावर धोंडूबाई. बाकीच्या चौघी-पाच जणी जमिनीवर मांडी घालून एकेक पुडी घेत, फडक्याने तिचं तोंड पुसत, धोंडूबाईकडे सरकवत. धोंडूबाई पाय दाबी. मशीनचं काम हाताने पुरं करायला पूर्वीइतक्याच बायका बसल्या होत्या.

“मीनाबाय!” धोंडूबाई ओरडली. खोलीत ओरडूनच बोलावं लागे. “या या. नाक झाका पयलं. मशीन करतंय हगवण आणि आमी पुसतोय.” बायका खिदळल्या. मग बाप गेलेल्या बाईसमोर हसलो हे ध्यानात येऊन एकदम थांबल्या.

“हे असं का गळतंय?”

“शेठनी ठेवलंय तसं चाललंय. त्या दिवशी त्यांनी फिरवलं ते फिरवलं. मग हात कोनी लावला नाय.”

“बाबा रोज यायचे इथे?”

“जेवायच्या टायमाला. आमी बघायचो नाय.”

“का?”

“त्यांचा धंदा, त्यांचा पान्हा. आमी कशाला बघू?” धोंडूबाईने पाय दाबला. “येत कवा, चढत कवा, गुणगुणत कवा. आमी अंगणात आपल्या भाकरी खायचो पाठ करून.”

सुरेंद्र मागच्या दारातून पोतं ओढत आला. कमरेपासून वर उघडा, छातीवर पुडीचे ओघळ. तिला बघून तो थबकला. पोतं सोडलं. आता विचारायचं, असं तिने एसटीत बसून वाक्यावाक्याने ठरवलेलं होतं, पण त्याने तिला वेळच दिला नाही.

“कळलं तुला? कोनी सांगितलं?”

“काय कळलं?”

“चाक मी उलटं फिरवायचो ते. मला म्हाईत व्हतं ते दुपारी येतात. ते डावीकडं फिरवून जायचे, माल गळायचा, दुकानदार माळा परत पाठवायचे. मी संध्याकाळी बरोब्बर मापावर आणून ठेवायचो. दुसऱ्या दुपारी ते परत.” त्याने कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं. “दोन वर्सं. जेवायला समोरासमोर बसायचो, एक शब्द नाय. त्यांनी एकदा सांगितलं असतं ना ताय, का मला चिमूट पायजेल, मी रोल मोठा मागवला असता, पुडी मोठी केली असती. पन नाय. चाक फिरवायचं नि गुणगुणत जायचं.”

“मला वाटलं, तू मापात मारतोस.”

 तिला वाटलं, आता ओरडेल. तो हसला. हसता हसता तो खोकू लागला, पुडीमुळे.

“आनि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, तू पढवतेस त्यांना. रविवारी तू आलीस का सोमवारी चाक हमखास जास्त फिरलेलं. तू पुडी हातावर घेनार, हलकी हाय म्हननार, आनि हा मानूस सोमवारी स्टुलावर. त्या रविवारी पन म्हनालीस. मी ओटीखाली बूट काढत व्हतो, ऐकलं मी.” त्याने पोतं भिंतीला टेकवलं. “डॉक्टर म्हनाले, ते घरात बसल्या बसल्या पन झालं असतं. मी तुला दोष देत नाय.”

मग कुलूप का, असं तिने विचारलं, आणि आपला आवाज कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा तिने ऐकला. तो म्हणाला, मिस्त्री, दुकानदार, पाहुणे, जो येतो तो म्हणतो, अरे कप जास्त भरतोय, चाक फिरव. कोणीतरी फिरवून टाकेल. “मी सवता रोज म्हनतो, आज लावतो मापावर. पान्हा हातात घेतो. नाय जात हात.”

मशीन चालत होतं. खट् फस्. तिच्या डोळ्यांसमोरून तिची तोंडं एकामागून एक खाली जात होती. कोणी धाडलं, हा प्रश्न ती इतके दिवस सगळ्यांच्या दारात घेऊन हिंडली होती, आणि तो आता तिच्या पायाशी येऊन बसला होता. पण तिला कळेना, तिला जे दुखत होतं ते तिथे नव्हतं. ते भलतीकडेच होतं. दोन वर्षं. दोन वर्षं त्या दोघांचं एक बोलणं चाललं होतं, एका चाकावरून, डावीकडे, उजवीकडे, रोज, न चुकता, भांडण म्हणा, खेळ म्हणा, बापलेकांचं काय असतं ते म्हणा. आणि ती रविवारची पाहुणी. तिला तोंड उघडायला सांगायचे, दात बघायचे, आणि माळ देऊन बसमध्ये बसवायचे. ती हलकी आहे म्हणायची ते पुडीसाठी म्हणतच नव्हती. त्या खोलीत आपलाही बोटभर शिरकाव आहे, अजून आहे, हे कोणीतरी कबूल करावं म्हणून ती ते दर वेळी म्हणत आली होती, आणि बाबांनी ते शब्दशः घेतलं होतं. सुरेंद्रचा संशय तिला आला नव्हता, तिने तो पाळला होता. तो चोर ठरला असता तर हे सगळं त्याच्या हातून घेता आलं असतं.

ती काहीतरी बोलली. सुरेंद्रने कानाला हात लावला. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नव्हतं. ती पुन्हा बोलली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोलतच नाही आहोत, इतक्या वर्षांच्या सवयीने ओठच हलताहेत. सुरेंद्रने हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. तबकडी आणखी थोडी फिरली आणि थांबली. बायकांची फडकी थांबली. धोंडूबाईचा पाय वरच राहिला. बाहेर रस्त्यावरून कोणाचातरी ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत ती थांबली.

“काय म्हनालीस?” सुरेंद्र म्हणाला.

“हे मला हवं होतं,” मीना म्हणाली. “बाबा म्हणाले, पोरगी शिकली, तिला धुळीत नको, तेव्हा मी गप्प बसले. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे सगळं मला हवं होतं, सुरेंद्र. ही खोली, या बायका, हे मशीनसुद्धा. मला आत्ताही हवं आहे.”